कोंबडीखताच्या ट्रकभाड्याला सरकारी पैसा कशासाठी?

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात १९९९ पासून एक योजना चालू आहे. पोल्ट्रीतलं खत शेतकऱ्यानं आपल्याच रानात न टाकता दूरच्या शेतात किंवा कारखान्यात पाठवलं, तर वाहतूक खर्चातला वाटा सरकार उचलतं. बरीच वर्षं हा दर टनामागे २० डॉलरपर्यंत होता. राज्याच्या डॉर्चेस्टर, सॉमरसेट, विकोमिको आणि वूस्टर या चार काउंट्यांमधून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) खत उचललं तर त्याहून २० टक्के जास्त. शेजारच्या डेलावेअर आणि व्हर्जिनियानंही अशाच योजना आखल्या, आणि पार तिकडे आर्कान्सा आणि ओक्लाहोमाच्या सीमेवरही कोंबडीखत बाहेर नेण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च झाला.

आपल्याकडे कोंबडीखताला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. द्राक्षबागवाला, ऊसवाला, हळदवाला स्वतः ट्रॅक्टर घेऊन पोल्ट्रीच्या दारात येतो आणि पैसे मोजून खत नेतो. तेच खत न्यायला सरकारनं भाडं भरावं, हे आपल्या शेतकऱ्याला सहजी पटणार नाही. पण तिथल्या मातीचा आणि पाण्याचा हिशेब एकदा नीट मांडला की या खर्चामागचं कारण लख्ख दिसतं. आणि हा खर्च कुणी करायला हवा, हा त्याहून अवघड प्रश्नही समोर येतो.

तीन टक्के नत्र, तीन टक्के स्फुरद

ब्रॉयलर कोंबड्या शेडमध्ये जमिनीवर वाढतात. खाली गादी असते. आपल्याकडे बहुधा भाताच्या तुसाची, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाकडाच्या भुशाची. त्या गादीत विष्ठा, पिसं आणि सांडलेलं खाद्य मिसळून जे तयार होतं त्याला पोल्ट्रीवाले ‘लिटर’ म्हणतात. एका कोंबडीमागे साधारण किलोभर लिटर निघतं. पंचवीस हजार पक्ष्यांची शेड वर्षाला पाच-सहा बॅच काढत असेल, तर एकाच शेडमधून सव्वाशे ते दीडशे टन माल होतो.

हे खत चांगलं असतं, यात वाद नाही. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहेच, शिवाय जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. अडचण आहे ती प्रमाणाची. एका टन लिटरमध्ये साधारण ३० किलो नत्र आणि २५ ते ३० किलो स्फुरद असतं (खताच्या पिशवीवर लिहितात त्या हिशेबानं). म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखंच. पिकाला मात्र दोन्ही सारखं लागत नाही. मक्याचंच बघा. हेक्टरी नऊ-दहा टन दाणे देणाऱ्या मक्याला दीडशे किलोच्या आसपास नत्र लागतं, पण दाण्यांबरोबर शेताबाहेर जाणारं स्फुरद साठेक किलोच असतं.

आता शेतकऱ्यानं ठरवलं की युरिया नको, सगळं नत्र कोंबडीखतातूनच द्यायचं. लिटरमधलं सगळं नत्र पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही, निम्म्याहून थोडं जास्त मिळतं. म्हणजे हेक्टरी नऊएक टन लिटर टाकावं लागेल. त्याबरोबर स्फुरद किती पडलं? सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलो. पिकानं उचललं साठ. उरलेलं जमिनीत राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. असं तीस-चाळीस वर्षं चाललं तर माती परीक्षणात स्फुरदाचा आकडा कुठच्या कुठे जातो. मग त्या शेतात स्फुरदाची एक चिमूटही टाकली नाही तरी कित्येक वर्षं पिकाचं काही अडत नाही.

यात शेतकऱ्याचा हावरटपणा नव्हता. सरकारी सल्लाच तसा होता. खताची मात्रा पिकाच्या नत्राच्या गरजेवर ठरवा, असं कृषी विद्यापीठं सांगत. स्फुरदाबद्दल समज असा की ते मातीच्या कणांना घट्ट धरून राहतं. माती वाहून गेली तरच ते जाईल, आणि जमीन सपाट असेल तर माती वाहणार कुठे? ही समजूत अर्धी बरोबर होती. माती स्फुरद धरते, पण तिच्याही धरण्याला मर्यादा आहे. ती संपत आली की स्फुरद पाण्यात विरघळून झिरपायला लागतं. मेरीलँडचा पूर्व किनारा सपाट, रेताड आहे, भूजल फार वर आहे आणि पाण्याचा निचरा व्हावा म्हणून शेताशेतांतून चर खणलेले आहेत. झिरपलेलं स्फुरद थेट त्या चरांत उतरतं, चरातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत.

उथळ पाणी, मोठं पाणलोट

ही खाडी म्हणजे चेसापीक. गोडं आणि खारं पाणी जिथे मिसळतं अशा जलाशयांपैकी अमेरिकेतला सगळ्यात मोठा. सहा राज्यांतलं आणि राजधानी वॉशिंग्टनमधलं पाणी त्यात येतं. तिच्या पाणलोटाचं क्षेत्र सुमारे १,६६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. आणि एवढ्या जमिनीचं पाणी पोटात घेणाऱ्या या खाडीची सरासरी खोली किती? साडेसहा मीटरच्या आत-बाहेर. ‘संवेदनशील पाणलोट’ म्हणतात ते अशालाच. येणारं खत भरपूर, ते पातळ करणारं पाणी थोडं.

गोड्या पाण्यात शेवाळाच्या वाढीला बहुतेक वेळा स्फुरदाची कमतरता रोखून धरते, खाऱ्या पाण्यात नत्राची. खाडीत दोन्ही पाणी असल्यामुळे दोन्हींची भर घातक ठरते. शेवाळ फोफावतं, पाणी गढूळतं, तळाच्या पाणगवताला ऊन मिळत नाही. मग शेवाळ मरून तळाशी जातं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात खाडीच्या खोल भागात असे पट्टे तयार होतात की तिथे मासा आणि खेकडा जगू शकत नाही. चेसापीकच्या निळ्या खेकड्यांवर आणि कालवांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारे कोळी आहेत. पोल्ट्रीवाले शेतकरी आणि हे कोळी एकाच काउंटीत, कधी एकाच गावात राहतात. म्हणून मला हा प्रश्न शहरी पर्यावरणवादी विरुद्ध शेतकरी असा मांडणं चुकीचं वाटतं. दोन्हीकडे हातावर पोट असलेली माणसं आहेत.

खाडीच्या पूर्वेला डेल्मार्व्हा हे द्वीपकल्प आहे. डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या तीन राज्यांत ते वाटलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात इथलीच मानतात. १९२३ मध्ये डेलावेअरच्या सेसिल स्टील या बाईंनी अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली आणि चांगला नफा झाला. आज या द्वीपकल्पावर वर्षाला साधारण ६० कोटी कोंबड्या वाढतात.

आता या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. एवढ्या कोंबड्यांना पुरेल इतका मका आणि सोयाबीन डेल्मार्व्हात पिकत नाही. बराच मका मध्य-पश्चिमेच्या राज्यांतून रेल्वेनं येतो. त्या मक्याच्या दाण्यात तिकडच्या जमिनीतलं स्फुरद असतं. कोंबडी त्यातलं थोडं अंगात मुरवते, बाकीचं विष्ठेतून गादीत पडतं. कोंबडी मांस होऊन न्यूयॉर्कला, फिलाडेल्फियाला जाते, खत मात्र तिथेच राहतं. म्हणजे शेकडो मैलांवरच्या जमिनीचं स्फुरद वर्षानुवर्षं एका छोट्या द्वीपकल्पावर येऊन साचतंय. मका येताना त्याचं भाडं कोंबडीच्या धंद्यातून निघतं. स्फुरदानं परत जायचं भाडं कोणाच्याच हिशेबात नव्हतं. वाहतूक अनुदान म्हणजे त्या परतीच्या प्रवासाच्या भाड्याचा एक हिस्सा.

दंड का नाही, अनुदान का?

१९९७ च्या उन्हाळ्यात मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पोकोमोक नदीत हजारो मासे मेले. त्यांच्या अंगावर जखमा होत्या. नदीवर वावरणाऱ्या काही लोकांनी विसरभोळेपणाच्या, गोंधळल्यासारखं होण्याच्या तक्रारी केल्या. फाइस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवावर संशय गेला. गव्हर्नर पॅरिस ग्लेंडेनिंग यांनी काही नद्या लोकांसाठी बंद केल्या, आणि माजी गव्हर्नर हॅरी ह्यूज यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्या सूक्ष्मजीवाचा दोष नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत पुढे बराच वाद झाला. पण स्फुरदाचा प्रश्न त्या वादावर अवलंबून नव्हताच. १९९८ मध्ये मेरीलँडनं कायदा केला आणि खताचं नियोजन नत्राबरोबर स्फुरदाच्या हिशेबानंही करायला लावलं. डेलावेअर आणि व्हर्जिनियानं १९९९ मध्ये आपापले कायदे केले.

याच मेरीलँडच्या कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती: कोंबडीच्या खाद्यात फायटेज घालण्याची. मका-सोयाबीनमधलं बरंच स्फुरद अशा रूपात असतं की कोंबडीला ते पचत नाही. म्हणून खाद्यात वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे पचणाऱ्या स्फुरदाची पूड) घालावं लागतं, आणि न पचलेलं सगळं खाली पडतं. फायटेज हे विकर ते स्फुरद मोकळं करतं, वरून कमी घालावं लागतं आणि खतातलं स्फुरदही घटतं. रोगाच्या मुळाशी जाणारा हा उपाय ट्रकपेक्षा कधीही चांगला. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण साठ कोटी कोंबड्यांचं उरलेलं स्फुरदही थोडं नसतं.

मग ज्या शेतात स्फुरद जास्त आहे तिथे खत टाकायला सरळ बंदी घालून दंड का करू नये? अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा कारखान्याच्या नळाला धरतो. नळ कुठे आहे ते दिसतं, त्यातून काय सुटतं ते मोजता येतं, परवाना देता येतो, काढून घेता येतो. शेतातून पावसाबरोबर वाहणाऱ्या पाण्याला हा कायदा बहुतेक सोडून देतो. फार मोठ्या पोल्ट्रींना परवाना लागतो (कोरड्या गादीच्या ब्रॉयलर फार्मसाठी ही रेषा १,२५,००० पक्ष्यांची आहे), पण त्यांचं खत दुसऱ्याच्या शेतात गेलं की त्यावरची पकड सैल होते. १९८७ मध्ये याच कायद्यात कलम ३१९ घातलं गेलं. त्यातून राज्यांना अशा पसरलेल्या प्रदूषणावर काम करायला केंद्राकडून पैसे मिळू लागले. जिथे दंड करण्याचा अधिकार तोकडा, तिथे सरकारं अनुदानाकडे वळली. त्यात राजकारणही होतंच. आपल्या मतदारसंघातल्या शेतकऱ्याला दंड करण्यापेक्षा भाडं देणं कुठल्याही आमदाराला सोपं जातं, मग ते मेरीलँड असो की मराठवाडा.

आता ट्रकचं अर्थकारण. लिटरमध्ये तीन टक्के नत्र, युरियात ४६ टक्के. एक ट्रक युरियात जेवढं नत्र जातं तेवढं न्यायला लिटरचे पंधरा ट्रक लागतात. बाकीचं वजन ओलावा, भुसा आणि कर्बाचं. शेजारच्या शेतात हे खत नेणं परवडतं. जसजसं अंतर वाढतं तसतसं भाडं वाढत जातं, पण खताची किंमत आहे तेवढीच राहते. काही अंतरानंतर भाडं खताच्या किमतीला ओलांडून जातं, आणि तिथून पुढे कुणीही शहाणा शेतकरी ते विकत घेणार नाही. पंचाईत ही की पोल्ट्री जिथे दाटीनं आहे तिथे शेजारचं शेतही दुसऱ्या पोल्ट्रीवाल्याचंच असतं आणि तेही स्फुरदानं भरलेलं. खताची खरी गरज असलेली जमीन त्या परवडणाऱ्या अंतराच्या पलीकडे असते. सरकारचा पैसा ते मधलं अंतर भरून काढतो. खत फुकट वाटणं हा त्याचा हेतू नाही.

योजना नीट चालवायची तर दोन्ही टोकांना तपासणी लागते. पाठवणाऱ्याच्या जमिनीत स्फुरद खरोखर जास्त आहे, किंवा त्याच्याकडे खत जिरवायला पुरेशी जमीन नाही, हे दाखवावं लागतं. घेणाऱ्याच्या जमिनीचं माती परीक्षण लागतं, आणि खत कुठे, किती, कधी टाकणार याचं नियोजन लागतं. वजनकाट्याच्या पावत्या जोडाव्या लागतात. मला विचाराल तर घेणाऱ्याकडची तपासणी हा या योजनेचा प्राण आहे. ती ढिली पडली तर सरकार पैसे देऊन एका ओढ्याचं स्फुरद दुसऱ्या ओढ्यात नेऊन टाकेल. आणखी एक गोष्ट कागदावर सहसा दिसत नाही, पण निकाल तिच्यावर ठरतो. खत घेणाऱ्या शेतकऱ्यानं तेवढी रासायनिक खताची मात्रा कमी केली का? केली, तर एकूण पाण्यात जाणारं स्फुरद खरंच घटलं. नाही केली, तर फक्त डिझेल जळलं.

दराची रचनाही महत्त्वाची. मेरीलँडनं सगळ्यात भरलेल्या चार काउंट्यांना जादा दर दिला. पैसा दुखणं असेल तिथे जावा, ही त्यातली समज. व्हर्जिनियानं रॉकिंगहॅम, पेज आणि ॲकोमॅक या पोल्ट्रीच्या दाटीच्या काउंट्यांवर भर दिला. पहिल्या दोन शेनान्डोआ खोऱ्यातल्या, तिसरी खाडीपलीकडची.

कोंबडी कंपनीची, खत शेतकऱ्याचं

इथे धंद्याची रचना समजून घ्यायला हवी. अमेरिकेतली बहुतेक ब्रॉयलर पोल्ट्री करारावर चालते. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची, मोठी झालेली कोंबडीही कंपनीची. शेड, कर्ज, वीज, मजुरी शेतकऱ्याची. आणि खत? करारानुसार तेही शेतकऱ्याचं. ही मांडणी महाराष्ट्रातल्या करारी पोल्ट्रीवाल्याला सांगायची गरजच नाही, तो रोज तीच जगतो. फरक एवढाच की आपल्याकडे ते खत म्हणजे बॅचच्या शेवटी हातात येणारी वरची कमाई असते, कारण अवतीभोवती खताला भुकेलेली जमीन आहे. डेल्मार्व्हात तीच वस्तू शेतकऱ्याच्या गळ्यातलं लोढणं होते, कारण अवतीभोवतीची जमीन भरलेली आहे.

म्हणून या अनुदानातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. मेरीलँडमध्ये कोंबडीखताच्या वाहतुकीचा भार फक्त सरकारी तिजोरीवर नाही. डेल्मार्व्हातल्या पोल्ट्री कंपन्या त्यात आपला वाटा घालतात. व्हर्जिनियातही पोल्ट्री उद्योगानं पैसे घातले. ज्या कंपनीच्या खाद्यातून स्फुरद या प्रदेशात आलं, तिनं ते बाहेर नेण्याच्या खर्चात सहभागी व्हावं, हे तत्त्व निदान काही प्रमाणात तरी मान्य झालं. पूर्ण मान्य झालं असं मात्र नाही. २०१६ मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळात एक विधेयक आलं होतं: शेतकऱ्याला न लागणारं जादा खत हलवण्याची जबाबदारी सरळ कंपन्यांवर टाकण्याचं. ते मंजूर झालं नाही. त्यामुळे खताचा मालक कागदावर आजही शेतकरीच आहे, आणि भाड्याचा मोठा बोजा करदात्याकडे आहे.

हा वाद कोर्टात गेला तर काय होतं, ते आर्कान्सा आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर दिसतं. वायव्य आर्कान्सातलं स्प्रिंगडेल हे टायसन कंपनीचं गाव, सभोवताली पोल्ट्रीचं जाळं. जमीन ओझार्क डोंगरांची, चुनखडीची, भेगाळलेली. पाणी जमिनीत पटकन उतरतं आणि झऱ्यांतून पटकन बाहेर येतं. इथे खत टाकतात ते बहुतेक गवताच्या कुरणांवर. गाय ते गवत खाऊन तिथेच शेण टाकते, त्यामुळे स्फुरद कुरणातून बाहेर पडतच नाही. इलिनॉय नदी (इलिनॉय राज्याशी हिचा संबंध नाही) आर्कान्सातून ओक्लाहोमात वाहत जाते. म्हणजे खत एका राज्याचं आणि शेवाळ दुसऱ्या राज्याच्या पाण्यात.

टल्सा शहर आपलं पिण्याचं पाणी स्पॅव्हिनॉ आणि युका या तलावांतून घेतं. शेवाळामुळे त्या पाण्याला वास आणि मातकट चव येऊ लागली. २००१ मध्ये टल्सानं पोल्ट्री कंपन्यांवर दावा लावला, २००३ मध्ये तडजोड झाली, आणि त्या पाणलोटात खत किती टाकायचं ते स्फुरदाच्या निर्देशांकावर ठरू लागलं. त्याच वर्षी आर्कान्सानं कायदा करून काही पाणलोटांना ‘अन्नद्रव्यं जादा असलेलं क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं. त्या क्षेत्रातून खत बाहेर नेण्याला पैसा आणि चालना मिळू लागली. त्या राज्याच्या पूर्वेकडे मिसिसिपीच्या सपाटीवर भातशेती आहे. भातासाठी जमीन समतल करताना वरची कसदार माती खरवडली जाते. अशा उघड्या पडलेल्या जमिनीला कोंबडीखत चांगलं मानवतं. एका टोकाला जड झालेलं खत, दुसऱ्या टोकाला त्याचीच गरज असलेली जमीन, राज्य तेच. मध्ये फक्त रस्ता आणि भाडं.

इलिनॉय नदीचा दावा मात्र फार लांबला. ओक्लाहोमाचे महाधिवक्ता ड्रू एडमंडसन यांनी तो २००५ मध्ये टायसन, कारगिल आणि इतर कंपन्यांवर लावला. २००९ मध्ये सुनावणी सुरू झाली, २०१० मध्ये संपली. न्यायाधीश ग्रेगरी फ्रिझेल यांचा निकाल आला जानेवारी २०२३ मध्ये: कंपन्या जबाबदार आहेत. सुनावणी संपून निकाल लागेपर्यंत तेरा वर्षं गेली. नदी काही निकालाची वाट बघत थांबली नव्हती. ज्यांना वाटतं की अनुदान म्हणजे प्रदूषण करणाऱ्याला बक्षीस, त्यांच्या रागाशी मी सहमत आहे. पण एवढ्या काळात जे काही थोडंफार खत त्या पाणलोटातून बाहेर गेलं, ते ट्रकनंच गेलं.

खत जातं कुठे?

दुसऱ्याच्या मक्या-सोयाबीनच्या शेतात, हे पहिलं उत्तर. दुसरं जरा अनपेक्षित आहे: अळंबीच्या कारखान्यात. पेनसिल्व्हेनियातलं केनेट स्क्वेअर हे अमेरिकेतलं अळंबी उत्पादनाचं मोठं केंद्र. अळंबी ज्या कंपोस्टवर वाढते त्यात कोंबडीखत घालतात, आणि ते डेल्मार्व्हाहून फार लांब नाही. तिसरा मार्ग गोळ्या बनवण्याचा. खत वाळवून, दाबून त्याच्या गोळ्या केल्या की ओलावा जातो, वजन घटतं, रोगाची भीती कमी होते आणि माल रेल्वेनं दूर पाठवता येतो. पर्ड्यू या पोल्ट्री कंपनीनं २००१ मध्ये डेलावेअरमध्ये सीफर्डजवळ असा कारखाना उभारला. चौथा मार्ग जाळण्याचा. मिनेसोटातल्या बेन्सन गावी टर्कीचं लिटर जाळून ५५ मेगावॉट वीज काढणारं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये बंद पडलं. वीज महाग पडत होती. त्यातून निघणारी राख मात्र स्फुरद-पालाशानं भरलेली, वजनाला हलकी. जाळल्यावर नत्र हवेत जातं, हे विसरून चालणार नाही.

बर्ड फ्लूनं या वाहतुकीत नवीच अडचण आणली आहे. लिटरचा ट्रक एका फार्मवरून दुसऱ्या भागात जातो म्हणजे विषाणूलाही वाट मिळते. जिथे रोग सापडतो तिथलं खत हलवायला बंदी येते, गाड्या धुवाव्या लागतात, ताडपत्री घट्ट बांधावी लागते. आणि ज्या गाड्यांतून खाद्य आणलं त्यांतच परतीला खत भरावं, हा वरकरणी अगदी सोपा वाटणारा मार्ग याच कारणानं बंद आहे.

अनुदान चालतं का? टनांचा हिशेब बघितला तर हो. खाडीच्या पाण्याचा बघितला तर उत्तर सावकाश येतं. २०१० मध्ये केंद्र सरकारनं चेसापीकमध्ये येणाऱ्या प्रदूषणावर मर्यादा घातली. २०२५ पर्यंत नत्रात २५ टक्के आणि स्फुरदात २४ टक्के घट करायची, असं ठरलं होतं. पण जमिनीत आधीच साचलेलं स्फुरद एका रात्रीत जात नाही. भरलेल्या शेतात आजपासून खताचा कणही टाकला नाही, तरी दरवर्षी पीक उचलेल तेवढंच ते कमी होणार. पंधरा-वीस वर्षांनी मातीचा आकडा खाली आलेला दिसेल, तरी तो गरजेपेक्षा जास्तच असेल. २०१५ मध्ये मेरीलँडनं स्फुरद व्यवस्थापनाचा नवा, कडक नियम आणला आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू केला. मातीतल्या स्फुरदाचा निर्देशांक १५० च्या वर गेला की त्या शेताची वेगळी तपासणी होते. तो फारच वर असेल, तर तिथे आणखी स्फुरद टाकता येत नाही. असा नियम आला की बाहेर न्यायच्या खताचे टन वाढतात, आणि त्याबरोबर अनुदानाची मागणीही वाढते.

आपल्याकडच्या वाचकानं यातून तपासून बघण्यासारखं एकच आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनींना स्फुरद कमी पडतं, त्यामुळे मेरीलँडची भीती इथे सरसकट लावणं चूक ठरेल. पण काही गावांत शेडला शेड लागून आहेत आणि त्याच बागांना वर्षानुवर्षं कोंबडीखत मिळतंय. तिथे मृद आरोग्य पत्रिकेवर स्फुरदाच्या पुढे काय लिहिलंय ते बघावं. ‘अत्यंत जास्त’ लिहिलं असेल तर पुढची ट्रॉली स्फुरदाची भूक असलेल्या रानाकडे वळवण्यात विकणाऱ्याचंही नुकसान नाही. आपल्याकडे घेणारा अजून जवळच आहे, त्यामुळे त्याचं भाडं अजून खताच्या किमतीतूनच निघतं.